सात नंबरचा दिवा

मंगळवारी सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीत सात माणसं बसली होती आणि त्यातली पाच एकदम बोलत होती. उरलेल्या दोघांपैकी एक मीटरबाई. मूर्खांच्या गलक्यात आपला आवाज खर्ची घालायचा नाही, हे तिनं नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, आणि आता नोकरीला सव्विसावं वर्ष लागलं होतं. ती हाताची घडी घालून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. त्या खोलीत पुढे असलेली तेवढी एकच वस्तू.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. ती चाचणी विभागाची प्रमुख. तिच्या टेबलावर पास झाल्याशिवाय एकही चिप दाराबाहेर पडत नसे. सवयीनं ती माणसंही मोजायची. साहेब तिच्या मापानं पावशेर अकलेचे. आणि तीन महिन्यांपूर्वी सल्लागार म्हणून येऊन बसलेले साहेबांचे मेहुणे तर काटाच हलवत नव्हते. त्याआधी ते न्हाणीघराच्या फरशा विकत. फरशा उलट बोलत नाहीत म्हणून त्यांचं तिथं निभावलं असावं, असं तिचं मत होतं.

गंमत अशी, की एकाच वेळी दोघं बोलले तर काय करायचं, हाच मुळी या कारखान्याचा धंदा होता. इथे रिपीटरची चिप बनायची. रिपीटर म्हणजे एक चपटा डबा, त्याला केबल खुपसायला आठ पोर्ट. आठ संगणक जोडा. एकानं काही पाठवलं, की वाटेत थकलेला तो संदेश चिप ताजातवाना करते आणि उरलेल्या सातांना ऐकवते. कुणासाठी आहे, शहाणा आहे की वेडा, ती विचारत नाही. अट एकच. बोलायच्या आधी प्रत्येकानं ऐकायचं, आणि लाइन शांत असेल तरच तोंड उघडायचं. तरीही दोघांनी एकदम उघडलंच, तर ती टक्कर. मग चिप सगळ्यांवर एक गोंगाट सोडते, म्हणजे आपलं बोलणं पोचलं या भ्रमात कुणी राहू नये. ज्यांची टक्कर झाली ते गप्प होतात, जो तो आपापल्या नशिबानं थोडा कमीजास्त वेळ थांबतो, आणि पुन्हा ऐकून मग बोलतो.

आणि एखाद्या पोर्टवर सलग बत्तीस टकरा झाल्याच, तर चिप ते पोर्ट बंद करते. बंद म्हणजे तोंड बंद, कान उघडे. बाकीच्यांचं सगळं त्याला ऐकू जात राहतं. त्याचं मात्र कुणालाच ऐकवलं जात नाही. पुढे तिथं एक जरी संदेश टक्कर न होता पार पडला, की चिप आपणहून दार उघडते. मागचं उकरून काढत नाही.

नखाएवढ्या चिपला एवढी रीत होती. आणि ती बनवणारे?

"आपल्याच डब्यावर आपलंच नेटवर्क बसतं?" साहेब टेबलावर थापा मारत होते. "रोज दुपारी तीन वाजले की सगळं अडखळतं! परवा बारा वाजता ग्राहक येतोय, त्याला काय दाखवू?"

"तेच तर मी म्हणत होतो," विक्रीवाले म्हणाले. ते काहीच म्हणाले नव्हते.

"चिप पोर्ट बंद करते, हाच घोळ आहे," मेहुणे म्हणाले. "ग्राहकाला बंद दार दाखवायचं नसतं. धंद्याचं पहिलं तत्त्व."

"पण उत्पादनात काही दोष नाही हं," उत्पादनवाले मध्येच ओरडले. आणि कोपऱ्यातली फोनवाली, जी मीटिंगचं टिपण घेत होती, ती तेव्हाच विचारत होती, "थांबा ना जरा, आधीचं कोण म्हणालं?" कुणीच थांबलं नाही.

सातवा माणूस खिडकीपाशी बसला होता. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा, हातात पेन्सिल. सलग बत्तीस टकरा मोजून पोर्ट बंद करणारा काउंटर त्यानं आखला होता. तो रचना विभागात, वरच्या मजल्यावर बसायचा. आणि तो मीटरबाईचा सख्खा धाकटा भाऊ होता.

सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

कारण घराचं नव्हतं, जमिनीचं नव्हतं. कारण होतं आठ ठोके, चिपच्या आतल्या घड्याळाचे. टक्कर झाली की चिपनं निदान शहाण्णव ठोके गोंगाट करायचा असतो. भावाची पहिलीवहिली चिप अठ्ठ्याऐंशीवरच गप्प व्हायची. मीटरबाईनं ते शोधून काढलं आणि याच खोलीत, सगळ्यांदेखत, पडद्यावर मोठं करून दाखवलं. साहेब तेव्हा हसले होते. भाऊ हसला नाही, रागावलाही नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "ताई, तुला हे काल दुपारीच कळलं होतं. काल रात्री आपण एका टेबलावर जेवलो."

"चाचणीचा निकाल मी घरी नेत नाही," ती म्हणाली होती. तिला ते उत्तर फार आवडलं होतं. महिनाभरानं तो वेगळी खोली घेऊन राहायला गेला.

कारखान्यात एक जुनी रीत होती. चाचणीचा निकाल गुलाबी चिठ्ठीवर जायचा. पास किंवा नापास, तिच्या लाल पेननं. नापास आलं, तर ज्याची रचना त्याला एकदा, फक्त एकदा, चिठ्ठीखाली "पुन्हा बघा" असं लिहायचा हक्क होता. मग चाचणीवाल्यांना मुकाट्यानं पुन्हा मोजावं लागे. त्या पहिल्या चिठ्ठीवर भावानं ते लिहिलं नव्हतं, आणि नंतरच्या एकाही चिठ्ठीवर नाही. ती नापास लिहायची, तो चिप परत न्यायचा, दुरुस्त करून पाठवायचा. सहा वर्षं हा व्यवहार चहाच्या ट्रेवरून चालला. महिन्यापूर्वी मेहुण्यांनी कागद बंद केले आणि सगळं संगणकावरून पाठवायचा फतवा काढला, तेव्हा चहाचा ट्रेही सुटला.

"चाचणीचे अहवाल तरी पोचलेत ना वर?" साहेबांनी विचारलं.

"आहेत माझ्याकडे," भाऊ म्हणाला.

मीटरबाईनं घड्याळावरची नजर काढली नाही. चार दिवस ती नव्या लॉटची मापं पाठवत होती. पोचल्याची साधी पावती नाही. आणि इथे म्हणे आहेत. तिनं मनातल्या मनात त्याला एक नापास देऊन टाकला.

शेवटी मेहुण्यांनी खिशातून कागद काढला. तो टाइप करूनच आणला होता, म्हणजे मीटिंग कशाला घेतली होती ते देव जाणे. चिपची एक पिन कायमची जोडून टाकायची, म्हणजे बंद करायची भानगडच नको. काउंटर सदोष होता असं रचनाकारानं लिहून द्यायचं. चाचणीत तो दोष सुटला असं मीटरबाईनं लिहून द्यायचं. गुरुवारी अकरा वाजता सह्या. आणि रचनाकाराची रवानगी गोदामात.

"मोजायची एवढी हौस आहे ना," मेहुणे हसत म्हणाले, "तिथे खोकी मोजा."

"काउंटर विनाकारण पोर्ट बंद करत नाही," भाऊ म्हणाला. "कुठेतरी खरंच टकरा होतायत. आधी ते शोधलं तर..."

तोवर चौघं पुन्हा बोलायला लागले होते. त्यानं पेन्सिल खिशाला लावली. तिला त्याचाही राग आला. घोड्याएवढा झाला, आवाज चढवता येत नाही. आता बसेल खोकी मोजत, आणि चष्म्याची काच पुसत.

पण खरा जाळ उठला तो आपल्या नावाचा. सुटला म्हणे! मीटरबाईच्या हातून!

बुधवारी सकाळी तिनं त्याच लॉटची चिप टेबलावर घेतली आणि तिच्यावर टकरा सोडायला सुरुवात केली. एकतीस झाल्या, पोर्ट उघडं. बत्तिसावी झाली, पोर्ट बंद. एक सरळ संदेश सोडला, पोर्ट उघडं. तिनं हे शंभर वेळा केलं. शंभरही वेळा चिप बत्तिसावीलाच थांबली, ना आधी ना नंतर. रचना चोख होती. हे तिनं मान्य केलं, पण त्यात भावाचं कौतुक येणार नाही अशा बेतानं. चिप चांगली आहे कारण मी पास केली आहे, असं ते मान्य करणं होतं.

म्हणजे चोर इमारतीतच होता. कुणीतरी न ऐकता बोलत होतं.

पावणेतीनला ती स्टूल घेऊन मधल्या बोळात गेली. तिथे भिंतीवर कार्यालयाचा स्वतःचा डबा टांगलेला होता. त्याला प्रत्येक पोर्टखाली दोन दिवे होते, केबल नीट असली की हिरवा आणि चिपनं पोर्ट बंद केलं की पिवळा. शिवाय टक्कर झाली की चमकणारा एक लाल. पण लाल-पिवळं दिसलं की माणूस बिचकतो, असा मेहुण्यांचा शोध. त्यांच्या हुकमावरून फोनवालीनं त्या सगळ्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली होती. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे फरशा विकणाऱ्याला कोण सांगणार? शिवाय त्यांनी केबली रंगाप्रमाणे लावून घेतल्या होत्या. निळ्याशेजारी निळी, करड्याशेजारी करडी. दिसायला झकास. कुठली कुठे जाते, हे सांगणाऱ्या जुन्या चिठ्ठ्या त्या सजावटीत कचऱ्यात गेल्या होत्या.

तिनं नखानं पट्टी सोलून काढली.

"अहो, साहेबांचे मेहुणे रागावतील हं," फोनवाली मागून म्हणाली.

"रागावू देत. तेवढंच काम होईल त्यांच्या हातून."

तीन वाजले. आधी लाल दिवा एकदा चमकला, मग फडफडायला लागला. आणि बघता बघता सात नंबरच्या पोर्टखाली पिवळा दिवा लागला. थोडा वेळ राहिला, विझला. लाल पुन्हा फडफडला, सात नंबर पुन्हा पिवळा. वरच्या मजल्यावरून कुणीतरी "गेलं बघ परत!" असं ओरडल्याचं ऐकू आलं.

मीटरबाई स्टुलावर उभी राहून अक्षरशः हसली. चिप अगदी शहाण्यासारखी वागत होती. एकजण सगळ्यांच्या बोलण्यात घुसत होता, ती त्याचं तोंड बंद करत होती, मग भाबडेपणानं पुन्हा संधी देत होती, आणि तो पुन्हा घुसत होता. तिला त्या माणसाचा स्वभावच दिसायला लागला. मेहुणेच असणार. नाहीतर विक्रीवाले. त्या दोघांपैकी कोण निघालं तर जास्त मजा येईल, याचा तिनं थोडा विचारही केला.

सात नंबरची केबल करडी होती. तिनं ती चिमटीत धरली आणि निघाली. केबल छताच्या कडेनं मेहुण्यांच्या दारापर्यंत गेली. तिचा हात शिवशिवला. पण केबल दारावरून वळून पुढे गेली. विक्रीवाल्यांच्या खोलीतही शिरली नाही. जिन्याच्या कठड्याला बांधलेली तशीच ती खाली उतरली. खाली म्हणजे भांडार. भांडारवाल्याचा संगणक तर हवामान बघण्यापलीकडे कुणी वापरत नसे. तिनं रिकाम्या खोक्यांची रास बाजूला सारली, कपाटामागे वाकून हात घातला, साडीला जाळी-जळमटं लागली. केबल भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती. पलीकडची खोली कुठली, हे समजायला तिला खरं तर एक क्षणही लागायला नको होता. तरी ती बाहेरून वळसा घालून, दार उघडून, आत जाऊन, टेबलाखाली गुडघ्यावर बसून बघून आली.

करडी केबल तिच्याच संगणकात शिरत होती.

ती तिथेच फरशीवर बसून राहिली. डोक्यावर, टेबलावर, तिचा संगणक आनंदानं गुरगुरत होता. पडद्यावर एकामागून एक ओळ उमटत होती: पाठवलं, पाठवलं, पाठवलं.

मागच्या बुधवारी जुनी मापं झटपट हलवायला तिनं दोन संगणक एकाच केबलनं थेट एकमेकांना जोडले होते. मध्ये डबा नाही, तिसरं कुणी नाही. अशा वेळी ऐकत बसायचं कारण नसतं. दोघंही एकदम बोलले तरी चालतं. म्हणून तिनं आपल्या नेटवर्क कार्डाला तसं हातानं बजावून ठेवलं: फुल ड्युप्लेक्स, न थांबता बोल. गुरुवारी केबल पुन्हा डब्याला लावली. आणि बजावलेलं मागे घ्यायचं विसरली. डब्यावर आठजण होते, तिथे ऐकूनच बोलायला हवं. तिचं कार्ड मात्र आपल्याशिवाय जगात कुणी नाही अशा थाटात बोलत होतं. आणि जो ऐकतच नाही, त्याला टक्कर झाल्याचं कळायचं तरी कसं? अडखळत होते ते बाकीचे सगळे. तिच्या पडद्यावर सगळं छान चाललं होतं.

अहवाल पाठवायचा प्रोग्रॅमही तिनं स्वतः लिहिलेला. तो रोज तीनला नुसता पाठवायचा. पोचलं का, असं विचारायची सोय तिनं त्यात ठेवलीच नव्हती. मला विचारायची गरज नाही, असं तेव्हा ती फोनवालीला ऐटीत म्हणाली होती.

पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या टकरा मोजणारी बाई. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एखाद्या नवख्यानं हे केलं असतं, तर तिनं त्याला या खोलीत पुन्हा पाय ठेवू दिला नसता.

मग उठून तिनं कार्डाचं बजावलेलं बदललं. दोन मिनिटांचं काम. बदलल्याबरोबर वरचा गलका शांत झाला. आणि तेव्हा तिच्या मनात आलं, की झालं, संपलं. कुणी पाहिलं नाही. नेटवर्क आपोआप सुधारलं असं सगळे म्हणतील. उद्याच्या कागदावर आपण सही करायची नाही, शंभर वेळा घेतलेलं माप पुढे टाकायचं. आपलं नाव साफ. भावाचं तो बघेल. त्याला आवाज चढवता येत नाही, हा काही आपला दोष नव्हे.

हा विचार तिला चांगला वाटला. खोटं कशाला बोला, बराच वेळ चांगला वाटला.

पोर्ट बंद असताना इकडे काय काय पोचलं होतं, तेवढं बघावं म्हणून तिनं आलेल्या संदेशांची यादी उघडली. भावाकडून येणारं सगळं ती एका वेगळ्या कप्प्यात आपोआप टाकायची आणि एखादी चिप नापास केली तरच तो कप्पा उघडायची, त्याची सारवासारव वाचायला. या लॉटमध्ये काही नापास नव्हतं, म्हणून तो उघडलाच नव्हता. त्यात पाच संदेश होते.

गुरुवार: आजचा अहवाल मिळाला नाही. कृपया पुन्हा पाठवावा.

शुक्रवार: आजही नाही. तिकडे काही अडचण आहे का?

शनिवार: अहवाल नाही. ताई, बरी आहेस ना?

सोमवार: खाली तुझ्या दारापर्यंत येऊन गेलो. तू मशीनवर ओरडत होतीस, म्हटलं बरीच आहेस. गेलो परत.

मंगळवार, मीटिंगनंतरचा: अहवाल आले नाहीत हे साहेबांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर तू पाठवलेच नाहीस, असं ते धरून चालतील. जमलं तर कागदावर दे, मी जुनी तारीख घालून ठेवतो.

तिनं तो शेवटचा दोनदा वाचला. "आहेत माझ्याकडे," असं तो खिडकीपाशी बसून म्हणाला होता. त्यालाही ते मीटिंगच्या आधीपासून माहीत होतं, आणि तोही भर मीटिंगमध्ये बसला होता. स्वतःची मान अडकलेली असताना त्यानं ते झाकलं, तिच्यासाठी. तिला लाज वाटली. आणि तिच्यामागोमाग स्वतःची चीड आली. दुसऱ्यावर चिडायची सवय असलेल्या बाईला ती कुठे ठेवावी तेच कळेना.

खणात गुलाबी चिठ्ठ्यांचं शेवटचं पुस्तक पडलं होतं. तिनं एक चिठ्ठी फाडली, लाल पेन घेतलं. आणि रकाने भरले.

वरच्या मजल्याचा जिना ती सहा वर्षांनी चढली. भाऊ आराखड्यावर वाकला होता. त्यानं वर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय झालं?" तो म्हणाला. "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही. हे घे."

त्यानं वाचलं. वस्तू: चाचणी प्रमुखाचा संगणक, सात नंबर पोर्ट. निकाल: नापास. कारण: ऐकत नाही.

त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली. "ही उद्या मीटिंगमध्ये दाखवायची असेल," तो म्हणाला.

"दाखवणार आहे. पडद्यावर, मोठी करून," ती म्हणाली. "पण छोट्या, आधी तुला."

हे नाव त्यानं सहा वर्षांनी ऐकलं. चिठ्ठी त्यानं वहीत ठेवली. ती जिना उतरून आली.

गुरुवारी अकराला खोली पुन्हा भरली. मेहुण्यांनी कागद मांडले, पेनाची टोपणं काढून ठेवली. नेटवर्क काल चारपासून गुळगुळीत चालत होतं, त्याचं श्रेय ते स्वतःकडेच घेत होते. कालच त्यांनी डबा ओल्या फडक्यानं पुसून घेतला होता. मीटरबाई उठली. भावानं वहीतून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवली, दिवा लावला, आणि पडद्यावर तिचं स्वतःचं लाल अक्षर हातभर उंच उमटलं. नापास. ऐकत नाही.

तिनं सगळं सांगितलं. थेट जोडलेली केबल, विसरलेलं बजावणं, गेल्या गुरुवारपासूनचे हरवलेले अहवाल. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा या खोलीत तिला कुणी मध्ये तोडलं नाही.

"काउंटर बरोबर होता," ती म्हणाली. "त्यानं जे बंद करायचं तेच बंद केलं. पिनला हात लावलात, तर माझ्यासारखं एखादं खोंड सगळं नेटवर्क घेऊन बसेल आणि त्याला कुणी आवरणार नाही. ग्राहकाला तेच दाखवा. दिव्यावरच्या पट्ट्या मी काढल्यात."

साहेबांनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुण्यांना उत्तर सुचायला वेळ लागत नसे, कारण ते विचारात वेळ घालवत नसत. "म्हणजे चाचणी प्रमुखच नापास!" ते म्हणाले. "मग नियम स्पष्ट आहे. नापास माल बाहेर. गोदामाचा कागद तयारच आहे, नुसतं नाव बदलायचं."

साहेबांनी मान हलवली. विक्रीवाले म्हणाले, तेच तर मी म्हणत होतो. उत्पादनवाले एकदम बोलायला लागले, फोनवाली विचारायला लागली की गोदामात कोण, बाई की भाऊ, आणि पुन्हा सगळा गलका झाला. मीटरबाई उभी राहिली होती तशीच उभी राहिली. तिचं बोलायचं ते बोलून झालं होतं.

"गप्प बसा!"

ती चांगलीच दचकली. खिडकीपाशी भाऊ उभा होता आणि तो आवाज त्याचा होता.

"नियम मलाही माहीत आहे," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण आता सगळे ऐकत होते. "नापास आलं की एकदा लिहायचा हक्क असतो."

"तो ज्याची रचना त्याला," मेहुणे म्हणाले. "या बाई काही तुमची रचना नव्हेत."

"केबलचं एक टोक त्यांच्या मशीनमध्ये आहे. दुसरं माझ्या चिपमध्ये आहे," भाऊ म्हणाला. "चिठ्ठी जरा वर सरकव, ताई."

तिनं चिठ्ठी काचेवर वर सरकवली. खाली, पडद्याबाहेर राहिलेल्या जागेत, पेन्सिलीनं लिहिलेले दोन शब्द होते. त्याखाली कालची तारीख होती. ती जिना उतरत असतानाच त्यानं ते लिहिले असणार.

पुन्हा बघा.

मीटरबाईला ते अक्षर नीट वाचता येईना. दिव्याच्या उजेडाचा दोष असेल म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले आणि मग वाचलं. साहेब घड्याळाकडे बघत होते. सात मिनिटं पुढच्या त्या घड्याळात ग्राहक यायला थोडाच वेळ उरला होता. त्यांनी मेहुण्यांचे कागद उचलून खणात टाकले आणि म्हणाले, "बरं, बघा मग पुन्हा."